बी.ए. दोन हजारचा मुराळी

आमच्या बी.ए. दोन हजारच्या बॅचला यंदा पंचवीस वर्षं झाली आणि बजरंगला मेळाव्याचं खूळ लागलं. बजरंग म्हणजे वर्गातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा. पुढे एकदा सरपंच झाला, मग पडला, आणि तेव्हापासून त्याच्याकडे वेळच वेळ आहे. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला आणि चार दिवसांत एकेचाळीस पोरं गोळा केली. भाऊबीजेनंतरच्या रविवारी कपिलधारला भेटायचं, जेवणात पुरी-भाजी आणि बुंदी, इथपर्यंत ठरलंसुद्धा. पण नऊ मुलींपैकी सापडली फक्त मी, तीही बीडमध्ये आमचं नळ-पाइपांचं दुकान आहे म्हणून.

"वर्षाराणी, पोरींचं तू बघ," तो काउंटरवर कोपर टेकून म्हणाला. "आमी लई शोधलं. फेसबुकवर एकबी न्हाई."

"कुठल्या नावानं शोधलं?"

"हजेरीतल्या."

हसावं की त्याच्या डोक्यात पाइपपाना घालावा, मला कळेना. अरे शहाण्या, लग्नात आडनाव तर जातंच, आमच्याकडे नावही बदलतात. मलाच सासरी गंगासागर केलंय. आधार कार्डावर गंगासागर, गॅसच्या पुस्तकावर गंगासागर. वर्षाराणी म्हणणारी माणसं उरली दोन, माझी आई आणि हा बजरंग. आणि ही पोरं पंधरा दिवस जुनी नावं टाकत बसली होती. एका भलत्याच बाईला त्यांनी ग्रुपमध्ये घेतलंही होतं. ती नाशिकची निघाली आणि आल्या आल्या सगळ्यांना विमा विकायला लागली.

मी त्याला म्हणाले, तुम्ही फोन ठेवा खिशात. सासुरवाशीण फेसबुकवर सापडत नसते, ती दिवाळीत सापडते. पाडवा आणि भाऊबीज या दोन दिवसांत महाराष्ट्रातली प्रत्येक लेक माहेरच्या रस्त्यावर असते. त्यात बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून सगळ्या एसटीनंच येतात, आणि आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेकींना गाडी बदलायला बीडला उतरावं लागतं. मी स्टँडवर बसणार.

"पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळती," आमचे मालक शिवशंकर म्हणाले, "आन् तू स्टँडवर बसणार?" त्यांना सकाळी सहालाच ओवाळलं आणि मोकळी झाले.

माझ्या लेकीनं, सायलीनं, मोठ्या पुठ्ठ्यावर आठ जणींची नावं लिहिली, माहेरच्या आडनावासकट. ती पाटी घेऊन आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. अर्ध्या तासात आमच्यापुढे बायकांची रांग लागली. पहिलीनं आधार कार्ड पुढं केलं. "केवायसी हितंच हाय ना?" बायकांची यादी दिसली म्हणजे लाडक्या बहिणीचीच असणार, अशी वार्ता स्टँडभर झाली होती. सायलीनं घसा कोरडा करून रांग मोडली. एक म्हातारी मात्र हटेना. "माझंबी नाव लिही बाई, पुढं काई निघालं तर असावं," म्हणाली. लिहिलं. चतुराबाई, नववं नाव.

चारच्या सुमाराला परळीच्या गाडीतून एक बाई उतरली. दोन हातांत दोन पिशव्या, काखेत फराळाचा डबा. पाटीपुढून गेली, पाच पावलांवर थांबली आणि मागे आली. बोटानं एकेक नाव वाचत तिसऱ्या नावाशी आली आणि पिशव्या खाली टाकून म्हणाली, "अगं बया! ही तर मी!"

आम्ही दोघी भर स्टँडात गळ्यात पडून अशा किंचाळलो की कंट्रोलरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत तिघी सापडल्या. तिघींनी फोन करून आणखी दोघी काढल्या, आणि भाऊबीजेला दुपारपर्यंत सात झाल्या. पोरांनी ग्रुपवर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, फुलं पाठवली, बजरंगनं तर माझ्या फोटोला फेटा घातला. मला मात्र त्यातलं काही गोड लागत नव्हतं. आठवी सापडायची होती, आणि खरं सांगायचं तर मी दोन दिवस स्टँडवरची धूळ खाल्ली ती त्या आठवीसाठीच. अंजना.

अंजना लिंबागणेशची. तीन वर्षं माझ्याशेजारी बसायची. इंग्रजी तिचं असं की सरसुद्धा तिच्याकडे बघून उच्चार करायचे. शेवटच्या वर्षी परीक्षा दीड महिन्यावर असताना तिचं लग्न ठरलं. ती मला म्हणाली, "वर्षे, तू घरी येऊन आमच्या दादांशी बोल. परीक्षेपुरतं थांबा म्हणावं. तुझं ऐकतेत ते." मी येते म्हणाले. आणि गेले नाही. तिच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, मिशा आठवल्या आणि माझे पाय उचलेनात. मग लाजेनं लग्नालाही गेले नाही, पत्रही टाकलं नाही. ती परीक्षेला बसली नाही आणि मी बी.ए. झाले. हे मी पंचवीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तिला तोंड दाखवल्याशिवाय मला कपिलधारला जाऊन बुंदी खायची नव्हती.

भाऊबीजेच्या शेवटच्या गाड्या लागल्या तरी ती आली नाही. सापडलेल्यांपैकी एक लिंबागणेशचीच होती. तिला माहेरी पोचून विचारायला लावलं, तर तिचा फोन आला.

"वर्षे, ती येतच न्हाई गं. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडीचा कागद पुढं केला. ही म्हणाली, आईचं नाव सातबाऱ्यावर ऱ्हाऊ द्या, मग सही करते. तवापासून भाऊ बोलत न्हाईत. बारा वर्सं झाली. केजच्या पुढं सासर हाय तिचं."

मी फोन ठेवला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. जिला माहेरच राहिलं नव्हतं, तिची मी माहेरच्या रस्त्यावर वाट बघत बसले होते.

लगेच बजरंगला फोन लावला. शनिवारी जीप काढ म्हणाले.

"अंजनासाठी?" त्याचा आवाज जरा पडला. "पर ती बॅचची कशी? तिनं फायनल दिलीच न्हाई."

"बजरंग, इंग्रजीत तुला किती पडले होते?"

"दरवर्षी पस्तीस."

"ते कुणाच्या वहीतले?"

मग म्हणाला, "किती वाजता आणू जीप?"

शनिवारी मांजरसुंब्याचा चहा पिऊन आम्ही केजच्या रस्त्याला लागलो. बजरंगनं कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि अत्तरही लावलं होतं. थोडं पुढं गेल्यावर म्हणाला, "वर्षाराणी, तू तिची मैत्रीण. मी काय म्हणून येतोय ते तरी ठरव. तिच्या सासरी काय सांगायचं?"

"मुराळी म्हणून. लेकीला सासरहून न्यायला कुणीतरी माहेरचं यावं लागतं ना? तू आलायस."

त्यानं गाडी बाजूला घेऊन थांबवली. "मुराळी म्हंजे भाऊ झाला की!"

"मग?"

"तुला ठावं हाय न्हवं..."

ठाऊक होतं. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. सेकंड इयरला यानं अंजनाच्या वहीत इंग्रजीतून चिठ्ठी ठेवली होती आणि तिनं ती लाल पेनानं तपासून परत दिली होती. मी म्हणाले, "तुझ्या पोरीचं लग्न ठरवायला लागलास तू. चल, गेअर टाक."

गावात अंजना कुणालाच माहीत नव्हती. बजरंगनं पारावरच्या चार जणांना विचारलं, चौघांनी माना हलवल्या. मग मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "लिंबागणेशची लेक दिली हाय का हितं?"

"मंग असं इचारा की! लिंबागणेशकरीण! मारुतीच्या मागं, निळं दार."

निळ्या दाराच्या आत, ओसरीवर ती सोयाबीन चाळत बसली होती. पुढचे केस पांढरे झालेले, अंग भरलेलं, पण मान तिरकी करून बघायची सवय तीच. तिनं मला पाहिलं आणि चाळणी हलायची थांबली.

"वर्षे," ती म्हणाली.

मी बीडपासून चार वाक्यं पाठ करत आले होते. चारही गेली. "अंजना, मी येते म्हणाले आन् आले न्हाई," एवढंच निघालं.

"तीन दिवस दाराकडं बघत बसलते मी," ती म्हणाली. "कावून आली न्हाईस?"

"तुझ्या दादांना भ्याले."

"मीबी भ्यालेच होते की गं." ती हे रागानं म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. मी खाली मान घालून उभी राहिले आणि माझ्या शेजारी बजरंग, त्यानं तर चप्पलही काढली नव्हती.

तेवढ्यात आतून सासूबाई आल्या. काठी टेकत, पण नजर घारीची. "कोण हाय गं मुक्ते?" म्हणजे इथं तिचं नाव मुक्ता होतं. मी सांगितलं, मी कॉलेजातली मैत्रीण, उद्या आम्हा सगळ्यांची भेट आहे, हिला न्यायला आले. म्हातारीनं मान हलवली आणि नजर बजरंगवर नेली, शर्टापासून अत्तरापर्यंत. "आन् हे कोण?"

वर्गातला मुलगा म्हटलं असतं तर तिथंच चहा देऊन बोळवण झाली असती. अंजना बजरंगकडे बघत होती. तिला ती चिठ्ठी आठवत होती, हे मला तिच्या ओठांवरून कळलं.

बजरंग पुढं झाला. ग्रामसभेत माइकशिवाय बोलणारा माणूस, पण आवाज आला तो पार बारीक. "मुराळी हाय, आत्या. भाऊ हाय मी तिचा. न्यायला आलोय."

अंजनानं तोंडाला पदर लावला, पण हसू आवरेना. ती हसली, मग मी, मग बजरंगही, कान लाल करून. चाळणीतलं सोयाबीन ओसरीभर झालं. म्हातारी मात्र हसली नाही. ती खांबाला धरून हळूच बसली.

"बारा दिवाळ्या झाल्या, ह्या दारात मुराळी आला न्हाई," ती म्हणाली. "लोकं इचारायची, सून माहेरी कावून जात न्हाई. मी सांगायची, रानात कामं हायत, मीच सोडत न्हाई तिला. सगळ्या गावात मी खाष्ट झाले." अंजनाचं हसू थांबलं. हे तिलाही माहीत नसावं. "मुराळ्याला रिकामं धाडत नसतेत. ऊठ, पिशवी भर. पोराला माझ्या मी सांगते."

"आत्या, तिथं सगळे पदवीवाले असत्याल," अंजना म्हणाली. "मी काय सांगू, कोण म्हणून?"

"जेवाया चाललीस का परीक्षेला?"

भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते, तरी म्हातारीनं पाट मांडायला लावला. बजरंग टोपी नाही म्हणून डोक्यावर रुमाल घेऊन बसला आणि अंजनानं त्याला ओवाळलं. कुंकू लावताना ती त्याला हळूच काहीतरी इंग्रजीत म्हणाली. तो म्हणाला, "काय?" ती म्हणाली, "काई न्हाई. पस्तीसच मार्क हायत तुझे." ताटात त्यानं काय टाकलं ते मला दिसलं नाही, मी डोळे पुसत होते.

निघताना सासूबाई जीपपर्यंत आल्या. बजरंगला म्हणाल्या, "फुडल्या दिवाळीलाबी यायचं. एकदाच येतो तो पाव्हणा, मुराळी न्हवं."

"येतो की," बजरंग म्हणाला.

"मीबी येते, आत्या," मी म्हणाले. "शब्द देते."

"हिचा शब्द धरू नका, आत्या," अंजना पिशवी आत ठेवत म्हणाली. "ही येते म्हणती आन् येत न्हाई."

बजरंग चपापला आणि त्यानं उगीच काच पुसायला घेतली. मला मात्र इतकं हलकं वाटलं की काय सांगू. एवढं तोंडावर बोलायचा हक्क जगात तिचाच होता, आणि माझ्यापाशी ती तो अजून राखून होती. "येईन गं," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

"बस आता गुमान," ती म्हणाली. मागच्या सीटवर तिनं माझा हात धरला, आणि मांजरसुंबा मागं गेलं तरी सोडला नाही.