साबणातला तीन आणि सहा

वाचकहो, एका अल्पशिक्षित माणसाने आपल्या स्वयंपाकघरात निर्मळ साबण कसा सिद्ध केला आणि त्यायोगे तान्ह्या नातीची मर्जी कशी संपादन केली, तो वृत्तांत मी येथे क्रमवार निवेदन करीत आहे.

मी छापखान्यातील जुळारी. सारे मला खिळेकाका म्हणतात. शिक्षण चौथीपर्यंत. पुढची विद्या छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवता जुळवता, म्हणजे उलट्या बाजूने प्राप्त झाली. हातावरची शाई जावी म्हणून आम्ही मंडळी रॉकेलने हात धुतो. चाळीस वर्षे त्या वासाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. परंतु लेक तीन महिन्यांच्या मुलीसह नऊ आठवड्यांच्या मुक्कामास आली, आणि मी उचलताच ती बालिका आक्रोश करू लागली. दूधवाल्याकडे मात्र हसत जाई.

"बाबा, ती तुम्हाला नाही रडत, रॉकेलला रडते," लेक म्हणाली.

बाजारचा साबण तर शाईपुढे हात टेकत असे. लेक परतण्यापूर्वी नात माझ्या कडेवर हसलीच पाहिजे, असा मी निश्चय केला.

आमच्याच छापखान्यात पूर्वी छापलेली साबणाची एक पुस्तिका घरी होती. तिच्यानुसार दोनशे ग्रॅम खोबरेल आणि अडीचशे ग्रॅम ऑलिव्हचे तेल मोजले. हातमोजे व चष्मा चढवून, खिडकी उघडून, कॉस्टिक सोडा हळूहळू पाण्यात सोडला. पाणी सोड्यावर कदापि ओतू नये, हे पुस्तिकेत ठळक खिळ्यांत होते. दोन्ही कोमट होताच एकत्र करून ढवळू लागलो. चमच्याने ओढलेली रेघ वर टिकली की मिश्रण साच्यात ओतावे, असा नियम. रेघ टिकेना. दोन तासांनी खांदा भरून आला, तेव्हा तसेच ओतले.

आठ दिवसांनी काडी खुपसली, ती तळापर्यंत गेली.

"अहो, साबण नाही हा, मलम आहे," पत्नी म्हणाली. "डबीत भरू का?"

"पुस्तिकाच चुकीची असावी."

"छापली कुठे?"

"आमच्याकडे."

"आणि खिळे कोणी जुळवले?"

त्यावर मी पाणी पिण्यास उठलो.

दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या कपाटातून मूळ हस्तलिखित शोधून काढले. त्यात सोडा ६६ ग्रॅम. पुस्तिकेत ३६. खिळ्यावर आकडा उलटा असतो. तीनचा खिळा हाती धरला की तो सहासारखा दिसतो. यात नवशिके फसतात. चाळीस वर्षांचा अभिमान बाळगून मीही फसलो होतो. मालकांपुढे चूक कबूल केली आणि शिल्लक प्रतींवर स्वहस्ते दुरुस्तीची चिठ्ठी डकवली.

"माझं खोबरेल गेलं ते गेलंच," पत्नी म्हणाली, "पण चोर पकडलात बाई." आणि दुसरी बाटली पुढे केली.

या खेपेस अर्ध्या तासात मिश्रण दाटले. मी चमच्याने वर ६ काढला. तो टिकला. दोन दिवसांनी वड्या कापल्या.

आता त्या पिकण्यास सहा आठवडे हवे होते, आणि लेकीचे तिकीट त्यानंतर दोनच दिवसांनी होते. मी रोज फळीवरच्या वड्या परतीत असे.

"झोपू द्या की त्यांना," पत्नी म्हणे.

त्रेचाळिसाव्या दिवशी कामावरून शाईच्या हातांनीच घरी आलो. वडी घासली. फेस प्रथम काळा, मग राखाडी, तिसऱ्यांदा पांढराशुभ्र. लेकीने माझा तळवा हुंगला आणि नात माझ्या हाती दिली.

नातीने नाक आक्रसले. ती शिंकली, माझी तर्जनी मुठीत घट्ट धरली आणि बोळके पसरून हसली.

"घ्या, आता सुटका नाही," पत्नी म्हणाली.

इतक्यात दूधवाला दारी आला. नातीने मानसुद्धा वळवली नाही.

वाचकांनी हे सारे सहृदयतेने वाचले, याबद्दल मी ऋणी आहे. यातील आकडे मी तीनदा तपासले आहेत.

आपला नम्र,
खिळेकाका