मानेमागचा आरसा

न्हावीदादांचा एकच हेका. जन्मभर उभ्याने धंदा केला, आता काय बसून करू? पाय सुजायचे, घोट्यावरची कातडी काळपट पडलेली, खाज तर जीव खाणारी. डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्त वर चढत नाही, पायातच साचतं. मधेमधे बसा, पाय उंच ठेवा, कातडं फुटलं तर लगेच या. दादांनी मान डोलावली. आणि कातडं फुटल्यावर केलं काय? तर तुरटी फिरवली! गालावर चालते ती पायाला का चालू नये, म्हणे. वर दाढीनंतरचं लोशन. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, हे आणखी वर. आता या माणसापुढे कोणी कपाळ फोडावं!

बायको विचारून थकली. खरं तर दादा आतून घाबरले होते. डॉक्टर पायच काढायला सांगतील, मग खुर्चीमागे उभं कोण राहणार? या भीतीपायी ते दवाखान्याची पायरी चढेनात.

त्या दिवशी मास्तर अर्ध्या दाढीतून उठले. आत उंदीर मेलाय वाटतं, म्हणाले, आणि तोंडाचा साबण पुसत निघून गेले. दादांनी खुर्चीखाली, फळीमागे खरंच उंदीर शोधला. डबा घेऊन आलेली बायको दारातून बघत होती. तिला काय ते कळलं. तिने दार लावलं, त्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर घेतला आणि मोजा ओढला. मोजा एकटा आला नाही.

"पुढून तर एवढंसंच आहे," दादा पुटपुटले.

केस कापून झाले की गिऱ्हाइकाला मानेमागचं दाखवायचा छोटा आरसा खुंटीला होता. तो तिने काढला आणि पोटरीखाली तिरका धरला.

"बघा."

त्या आरशात कधी कोणी नीट बघत नाही. गिऱ्हाईक न बघताच मान हलवतं आणि उठतं. दादांचीही मान सवयीने हलली, आणि मधेच थांबली. घोट्यापासून वर, मागच्या बाजूला कातडं उरलंच नव्हतं. कडेला तुरटीची पांढरी भुकटी तेवढी चिकटली होती.

"पाय राहील ना गं?"

खोटं तिच्याने बोलवेना. आरसा पुसून तिने खुंटीला अडकवला आणि गाडी बघायला गेली. एवढ्या वर्षांत दादा त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले होते, आणि आता त्यांना उठायची भीती वाटत होती.