बुधवारची गुच्छी

मोंतार्ले गावातली माणसं आपली पापं पाद्र्याला सांगतील, पण गुच्छीची जागा सख्ख्या बायकोलाही सांगायची नाहीत. बर्फ वितळलं, दोन सरी पडून ऊन आलं की रानात ही मधाच्या पोळ्यासारखी भोकाभोकांची अळंबी उगवते, आणि एरवी एकमेकांच्या स्वयंपाकघरात बिनदिक्कत शिरणारी मंडळी चोरपावलांनी चालायला लागतात. ओक्तावच्या बापानं तर मरताना प्रार्थनेला आलेल्या पाद्र्याला आधी खोलीबाहेर काढलं, मुलाच्या कानात जागा सांगितली, आणि मग म्हणाला, "आता बोलवा त्याला."

जागा होती ओढ्यापलीकडच्या रानात, राखी सालीच्या झाडांखाली. ओक्ताव गावात टपाल वाटायचा. गुरुवारी काम लवकर आटपायचं म्हणून तो गुरुवारी जायचा, आणि निवृत्त झाल्यावरही त्यानं वार बदलला नाही. दुःख एकच होतं. कोणीतरी चोरटा त्याच्या आधीच येऊन जाई. स्वच्छ कापलेले देठ दिसले की ओक्तावच्या तळपायाची आग मस्तकात जाई. "हात झडो मेल्याचे!" म्हणत तो उरलेल्या झाडून साऱ्या गुच्छ्या टोपलीत भरी.

दुसरंही एक दुःख होतं, पण ते तो स्वतःशीसुद्धा दबक्या आवाजातच बोलायचा. चीजच्या दुकानातल्या सोलांजबाई. त्या विधवा, हा विधुर. "नमस्कार, ओक्तावराव." "नमस्कार, सोलांजबाई." एवढ्यावर गाडी अडलेली. त्या गावात 'तुम्ही'वरून 'तू'वर यायचं तर दोघांपैकी एकानं आधी तसं विचारायला हवं. ओक्ताव दर वसंतात विचारायचं ठरवी आणि दर वसंतात दोनशे ग्रॅम चीज घेऊन घरी येई.

तर अशाच एका वसंतातल्या रविवारी गावच्या भटक्या मंडळाची सहल निघाली. मंडळाचे अध्यक्ष रेजिस, म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर, गळ्यात शिट्टी. गावकऱ्यांना त्यांचंच गाव दाखवायची या गृहस्थाला भारी हौस. जुनं चर्च दाखवून झालं, धबधबा दाखवून झाला. मग मास्तरांनी शिट्टी फुंकली.

"मंडळी, यंदा नवी वाट! ओढा ओलांडून पलीकडच्या रानात जाऊ. तिथंच शिदोरी सोडू!"

ओक्ताव धावत मास्तरांपुढे गेला. वीस माणसं, चाळीस डोळे, आणि आठवडाभर मस्त पाऊस झालेला.

"तिकडं नको मास्तर," तो म्हणाला. "साप आहेत."

"असू देत. बूट घातलेत सगळ्यांनी."

"विषारी आहेत हो!"

"मी स्वतः पाहिलाय," मागून सोलांजबाईंचा आवाज आला. "हा एवढा! माझ्या दंडाएवढा जाड."

लोकांनी सोलांजबाईंच्या दंडाकडे पाहिलं आणि चार जण मागे सरले. ओक्ताव तर विरघळलाच. आपली बाजू घेऊन बाई धडधडीत खोटं बोलल्या! माणूस कोणासाठी खोटं बोलतो? त्याचे कान लाल झाले.

पण मास्तर कसले ऐकतात! "साप माणसांना भितात," म्हणत ते ओढ्यातल्या दगडावर चढलेसुद्धा. आता काही खरं नव्हतं. ओक्तावनं देवाचं नाव घेतलं आणि चिखलात धप्पकन बसकण मारली.

"आई गं! मेलो! पाय गेला माझा!"

एकच धावपळ. मास्तरांची शिट्टी, बायकांचा आरडाओरडा. सोलांजबाईंनी पुढे होऊन गळ्यातला रुमाल सोडला आणि त्याच्या घोट्याला असा आवळला की त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मग चौघांनी त्याला उचललं आणि सहल परत फिरली. शिदोरी चर्चच्या पायरीवर सुटली. ओक्तावला बसायला सगळ्यात चांगली जागा, चीजचा मोठा तुकडा आणि वाइनचा दुसरा पेला मिळाला.

निघताना सोलांजबाई त्याच्या कानाशी वाकल्या. "ओक्तावराव, मघाशी उजवा पाय दुखत होता ना? आता डाव्या पायानं लंगडताय."

घरी येऊन त्यानं रुमाल सोडला, पण त्याला चैन पडेना. रानाच्या तोंडापर्यंत वीस जण पोचले होते. त्यातल्या एकानं जरी आत डोकावलं असलं तर? बापाला वर जाऊन काय तोंड दाखवायचं? उन्हं कलायच्या आत त्यानं टोपली आणि चाकू घेतला आणि दोन्ही धडधाकट पायांनी तरातरा निघाला.

रानात कोणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. शेजारी टोपली, हातात चाकू. ओक्तावच्या अंगाचा तिळपापड झाला. ती आकृती वळली.

"तू?" ओक्ताव ओरडला. "तूच ती चोरटी? इतकी वर्षं माझ्या गुच्छ्या तू नेत होतीस?"

"चोरटी कोणाला म्हणतोस रे?" सोलांजबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "ही जागा माझ्या आईची! मरताना सांगून गेलीय मला!"

"माझा बापही मरतानाच सांगून गेलाय!"

"माहीत आहे! आईनं तेही सांगितलं होतं. म्हणाली, टपालवाला ओक्ताव गुरुवारी येतो, तू बुधवारी जात जा. आणि निम्म्या त्याच्यासाठी ठेव."

ओक्तावचं तोंड उघडंच राहिलं. "म्हणजे... त्या उरलेल्या..."

"उरलेल्या कशा? ठेवलेल्या! दर बुधवारी मोजून निम्म्या. चोर कधी निम्मं ठेवतो का रे, बावळटा? आणि तू काय ठेवलंस माझ्यासाठी? एक देठ तरी?"

त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्या हातांना शिव्या घातल्या, त्याच हातांनी आज त्याचा धडधाकट पाय बांधला होता.

"मग सांगितलं का नाहीस?"

"जागा कधी सांगतात का कोणाला?" ती फणकारली.

हे मात्र खरंच होतं. खाली ओल्या पानांत गुच्छ्या उभ्या होत्या, निम्म्या तोडलेल्या आणि निम्म्या तशाच. तिनं आजही राखल्या होत्या, आणि आज तर रविवार होता.

"बाई," तो खाकरला, "मघापासून आपण एकमेकांना तू म्हणतोय."

"भांडताना तुम्ही-आम्ही कोण करतं?"

"मग आता... भांडण संपल्यावर परत तुम्ही म्हणायचं?"

सोलांज खाली बसली आणि तिनं चाकू पुसला. तिचेही कान लाल झालेत, हे ओक्तावला तेवढ्यात दिसलं. तो तिच्या शेजारी गुडघे टेकून बसला. आपली रिकामी टोपली त्यानं झाडाआड सरकवून दिली आणि पहिली गुच्छी कापून तिच्या टोपलीत ठेवली.

"पाय दुखत नाही वाटतं आता," ती म्हणाली. "पुढच्या वेळी कधी येणार आहेस? गुरुवारी?"

"बुधवारी," ओक्ताव म्हणाला.