अभिषेकनं न काढलेली चित्रं

सूड घ्यायचा तर पोटभर घ्यावा. चार घास खाऊन ताटावरून उठणाऱ्याला अन्न लागत नाही आणि सूडही लागत नाही. हे मी जुईला सांगितलं तेव्हा ती करी रोडच्या आमच्या चाळीत, माझ्या दारासमोर कठड्याला पाठ टेकून बसली होती. रडली किती म्हणाल, तर खालून लक्ष्मीवहिनींनी ओरडून विचारलं, "तात्या, टाकी वाहतेय का वरची?" माझ्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायची चाळीची पद्धत आहे. हे मात्र सोडू नका.

जुई माझ्या शेजारची. परळच्या एका हॉलमध्ये महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पंचवीस-तीस पोरंपोरी जमतात, त्यातली एक. कोणी फोटो दाखवतं, कोणी चित्रांच्या वह्या, कोणी कुठे भटकून आलं ते सांगतं. यंदा शिमग्याला घरी 'ऑफिसचं ट्रेनिंग' अशी थाप मारून ही एकटी कोकणात गेली. सुरंगटेंब नावाचं गाव. एसटीसुद्धा तिथे नाइलाजानं जाते. सहा दिवस राहून तिनं आठ म्हाताऱ्या माणसांची पेन्सिलनं चित्रं काढली. मी पाहिली होती वही. त्यातल्या अंबिकाकाकीच्या ओठाला लागलेली मिशरी अशी उतरली होती की मला पान उघडल्यावर वास आला.

वही अभिषेकनं मागितली. हा गिरगावातला. घरात तीन पिढ्या वकील आणि याच्या गळ्यात कॅमेरा. "तुझी वही दे, व्यवस्थित लाइट लावून एकेका पानाचा फोटो काढून देतो," म्हणाला. पंधरा दिवसांनी म्हणाला, "सॉरी गं, टॅक्सीत राहिली." आणि महिन्याभरानं तीच आठ चित्रं इन्स्टाग्रामवर, खाली याची झोकदार सही! 'पेन्सिलबरोबरचा माझा पहिला प्रवास.' अंबिकाकाकीच्या चित्राखाली लिहिलेलं: 'हिनं आयुष्यात शहर पाहिलेलं नाही. हिच्या डोळ्यांत फक्त समुद्र आहे.'

जुईनं जाब विचारला तर सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्याकडे प्रूफ काय?" वही नाही, फोटो नाही, आणि घरी तर ट्रेनिंग. आता येत्या रविवारी ठरणार होतं की गिरगावच्या प्रदर्शनात कोणाची चित्रं लागणार. सगळ्यांनी मनातून अभिषेकचं नाव लिहून टाकलं होतं.

"माझे कष्ट गेले, तात्या. माझं नावच गेलं."

"गाववाल्यांनी तुला पाहिलंय ना?"

"ते तिकडे. इथे कोण येतंय सांगायला?"

मला हसू आवरेना. अगं, शिमग्याला कोकणात जी माणसं दिसतात त्यातली निम्मी वर्षभर आपल्या आजूबाजूला राहतात! अंबिकाकाकी माझ्या ओळखीची; लालबागला मसाल्याच्या गल्लीच्या मागे राहते, अडतीस वर्षं झाली. जुईला ठाऊक नव्हतं, कारण चित्र काढताना ती बोलत नाही. अभिषेकला ठाऊक नव्हतं, कारण तो गेलाच नव्हता.

लालबागलाच सुरंगटेंब ग्रामस्थ मंडळाची खोली आहे. पूर्वी गिरणीत लागलेली गावची पोरं तिथे पथाऱ्या टाकायची. आता एक कपाट, दोन ढोल आणि सेक्रेटरी धोंडू. त्याला मी सगळं सांगितलं. धोंडू तिथल्या तिथे चपला घालायला लागला.

"आत्ता जावन सांगतंय त्येका, चित्रां जुईची, आमच्या चेडवाची म्हणान!"

"बस खाली," म्हटलं. "तू सांगशील, तो सॉरी म्हणेल, पोरं टाळ्या वाजवतील. दोन मिनिटांत खेळ खलास. त्यापेक्षा असं करा. त्याला ओळखायचं. जुईला ओळखायचं नाही."

धोंडूला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो इतका हसला की कपाटावरचा ढोल आपोआप वाजला.

रविवारी संध्याकाळी हॉल भरलेला. मी मागच्या खुर्चीत, जुई कोपऱ्यात. पडद्यावर आठ चित्रं, स्टँडवर अभिषेकचा फोन लाइव्ह चालू, आणि हा सांगतोय, "गावातली ती शांतता... एक आजी मला म्हणाली, बाळा, तू आमचाच..."

दार उघडलं. अंबिकाकाकी पुढे, हिंदमात्याच्या बाजारात घेतलेली कोरी साडी नेसून. तिच्यामागे चाळीस माणसं; पुरुष टोप्या घालून, बायका गजरे माळून.

"अगो बाय, अभिषेक!" काकी थेट पुढे गेली. "वळाखलंस मां माका?"

पोराचा चेहरा चुना लावल्यासारखा झाला. त्यानं पडद्याकडे पाहिलं, काकीकडे पाहिलं, मग फोनकडे. सहाशे माणसं बघत होती.

"हो तर! आजी! कशा आहात?"

"बरी आसंय. शहर बगलंय हां मी, मेल्या. लालबागात रवतंय."

पोरं खिदळली. "ते जरा... काव्यात्म असतं," अभिषेक म्हणाला.

आता धोंडू पुढे आला. हात जोडले, डोळे मिटले आणि देवळात घालतात तसं खड्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या झिलान शिमग्याक आठ जणांची चित्रां काडल्यान. बाकीच्या रवलेल्यांची मुंबैत काडीन म्हणान तुज्या पायाकडे शब्द दिल्यान. होय काय नाय?"

"होय म्हाराजा!" चाळीस गळे एकदम. हॉलचे पंखे डगमगले.

'मी तिथे गेलोच नव्हतो', एवढं एक वाक्य बोलला असता तर सुटला असता. पण ते वाक्य त्याला परवडणारं नव्हतं.

"हो... आठवतंय ना," तो म्हणाला.

"मग काड."

हॉलचं सगळं बघणाऱ्या श्रेयानं भाबडेपणानं कागद-पेन्सिल आणून दिली. चाळीस जणांची रांग लागली. पहिला रामू, मिशीला तेल लावून स्टुलावर बसला.

"इथे लाइट बरोबर नाहीये," अभिषेक.

"थयसर तर चुलीच्या उजेडात काडलंस!" मागून कोणीतरी.

काढायला लागला. घाम असा सुटला की पहिल्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले. दहा मिनिटांनी रामूनं कागद हातात घेतला.

"ह्यो फणस कोणाचो?"

दुसरी दुर्गामावशी. तिचं चित्र पाहून तिच्या नवऱ्यानं विचारलं, "हिका कदी मारलंय मी?" हसण्याचा असा लोट उठला की श्रेयासुद्धा तोंडावर हात ठेवून बसली. मग तिनं पडद्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. एकेक करून सगळ्या पोरांचं गेलं.

अभिषेकनं कोपऱ्यात पाहिलं. "जुई, प्लीज. सांग ना यांना."

"काय सांगू?"

"की... ती तू काढलीस."

"जोरात!" मी मागून म्हटलं. "म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही."

"ती चित्रं जुईनं काढलीत! मी गेलो नव्हतो!"

"वही?" जुईनं विचारलं.

"घरी आहे. कपाटात."

तो उठायला लागला. धोंडूनं खांद्यावर हात ठेवला. "खय चललंस? अजून अडतीस आसत."

"जाऊ दे ना आता," श्रेया जुईला हळूच म्हणाली. "कबूल केलंय त्यानं. प्रदर्शन तुझंच."

जुई उठली. मला वाटलं, पोरगी विरघळली. सगळा खेळ पाण्यात. तिनं एक स्टूल ओढलं, बरोबर त्याच्यासमोर ठेवलं आणि पेन्सिलीला टोक केलं.

"बस," ती म्हणाली. "हलू नकोस."

चाळीस मिनिटं ती काढत होती. एकदा त्यानं मान खाली घातली, तर काकीनं हनुवटीला बोट लावून वर केली. फोन चालूच होता. सहाशेचे किती हजार झाले ते मी सांगत नाही, तुम्ही निम्मे कराल.

चित्र झालं. जुईनं खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली, 'परळ' लिहिलं आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"घे. हेपण तुझ्या नावानं टाक."

हुबेहूब होतं. घाम, चोरटे डोळे, सगळं. त्यानं ते एकदा पाहिलं आणि पटकन मांडीवर पालथं घातलं. अंबिकाकाकीनं ते उचललं, सुलटं केलं आणि फोनसमोर धरून उभी राहिली.