उद्यावर राहिलेला रंग

शोकाचे वर्ष उद्या पुरे होणार होते. प्रार्थना झाली की एलेउतेरियोची बायको पुरिंग अंगावरचे काळे वस्त्र उतरवणार होती, आणि गेलेल्या लेकीच्या, जर्लिनच्या, छायाचित्रापुढे तिचा संगणकाचा कीबोर्ड मांडायचा होता, तिने मागितलेल्या रंगात.

फिलिपिन्समधल्या हारोतल्या आपल्या घराच्या ओसरीवर एलेउतेरियो जुनी वर्तमानपत्रे अंथरून बसला. चाळीस वर्षे त्याने जीपनी, म्हणजे तिथल्या रंगीबेरंगी प्रवासी गाड्या, रंगवल्या होत्या. परंतु एकुलत्या लेकीच्या कीबोर्डाच्या कवचावर समुद्री हिरव्या रंगाचे दोन हात मारण्याइतकी सवड त्याला कधी झाली नाही. फवाऱ्याचा डबा तिनेच आणून दिला होता. तो दर रविवारी ‘उद्या’ म्हणत राहिला, आणि डेंग्यूने पाच दिवसांत तिला नेले.

त्याने स्क्रू काढले, कळांचा सांगाडा अलग केला आणि रिकाम्या कवचाच्या तिन्ही बाजू धुऊन घासल्या. पुढच्या कडेशी मात्र हात थबकला. तिथे जर्लिनची मनगटे टेकत. खोबरेल लावलेल्या त्या हातांनी प्लास्टिकवर दोन तुकतुकीत ठसे उमटवले होते. ते त्याने तसेच राहू दिले.

“तातय, आज होणार ना?” पुरिंगने दारातून विचारले. जर्लिन बापाला ‘तातय’ म्हणायची, तेच तिच्याही तोंडी बसले होते. “एवढ्या वेळात तू अख्खी जीपनी रंगवायचास.”

“जीपनी बोलत नव्हती मागून.”

त्याने डबा हलवला आणि वीतभर अंतरावरून पातळ फवारा फिरवला. रंग सर्वत्र एकसारखा बसला. केवळ त्या दोन जागी तो मागे सरला आणि बारीक खळगे पडले. तेल असले की रंग धरत नाही, हे त्याने कितीतरी शिकाऊंना रागे भरून शिकवले होते.

पुरिंग वाकून पाहत राहिली. “हे धुतलं नाहीस तू.”

“नाही.”

“विसरलास?”

“तिचे हात आहेत गं ते.”

ती सरळ झाली. मग म्हणाली, “मला आधी सांगायचंस.”

“तू म्हणाली असतीस, धू.”

“म्हणाले असते.” तिने कवचाच्या कडेशी आपली मनगटे धरून पाहिली. ती फार रुंद होती. “ठेव तसंच. कुणी विचारलं तर मी बघते.”

एलेउतेरियोने नकारार्थी मान हलवली. जर्लिनने त्याच्यापाशी काय मागितले होते? हातांचे ठसे जपावेत असे ती कधीच म्हणाली नव्हती. तिने रंग मागितला होता, आणि तोही बापाच्या हातचा, जीपनीवर असतो तसा आरशासारखा.

त्याने ओला रंग फडक्याने पुसला. मग परातीत साबणाचे पाणी घेऊन, बारीक पॉलिश कागदाने, तान्ह्या बाळाचे अंग चोळावे तशा हलक्या हाताने ती कड घासली. तुकतुकी गेली. अंगठा फिरवून पाहिला, तर सारे सारखेच खरखरीत लागले. कुठे काही होते असे वाटेना.

कवच उन्हात वाळल्यावर त्याने पुन्हा डबा उचलला. या वेळी रंग कुठेही मागे सरला नाही.

पुरिंगने परात उचलली. “पाणी ओतून येते.”

“थांब जरा,” तो पाण्याकडे पाहत म्हणाला.

तिने हिरवट पाण्याची ती परात खाली ठेवली, आणि त्याच्या शेजारी वर्तमानपत्रावरच बसली.