वजा दीड अंश

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे. ताप आलेल्या माणसाच्या तोंडात ठेवतात तो नव्हे. त्या नाजूक मंडळींशी माझे फारसे पटत नाही. मी समुद्राचे तापमान मोजतो. अंगावर पितळी नळी, तिला आकडे वाचण्यापुरती खिडकी आणि पायाशी घोटभर पाणी मावेल एवढी वाटी, असा माझा थाट. धक्क्यावरून बादली समुद्रात सोडायची, भरून वर ओढायची, सावलीत ठेवून मला तिच्यात बुडवायचे, तीन मिनिटे थांबायचे आणि पाऱ्याच्या रेषेत डोळा आणून आकडा वाचायचा. एवढेच माझे काम. हे काम मी इतकी वर्षे केले, पण एकदाही खोटे बोललो नाही. ही बढाई समजू नका. माझ्या आयुष्यातले सगळे दुःख त्याच गोष्टीतून आले आहे.

माझा जन्म काचकामाच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या एका वयस्कर बाईंनी काचेची कांडी जाळावर धरून अशी बारीक ओढली, की तिच्या पोटातून केससुद्धा कष्टानेच गेला असता. मग माझ्यात पारा भरला, तोंड बंद केले, अंगावर रेघा कोरल्या. शेवटी परीक्षा बर्फाची. कुटलेल्या, वितळायला लागलेल्या बर्फात पारा बरोबर शून्यावर थांबला तर तापमापक खरा, नाही तर त्याची रवानगी भंगाराच्या पेटीत. माझ्या शेजारचे दोघे गेले. मी थांबलो. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि "हा पोरगा सरळ आहे," एवढेच म्हणून मला कापसात गुंडाळले.

तिथून मी समुद्रकाठच्या एका निरीक्षण केंद्रात आलो. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक दगडी धक्का आणि खाऱ्या हवेने गंजलेली एक खुर्ची, जिच्यावर बसण्याआधी माणूस दोनदा विचार करी. तिथे नोंदी ठेवणाऱ्या गृहस्थांना सगळे मोजणीकाका म्हणत. ते काहीही मोजत. धक्क्याच्या पायऱ्या, स्वतःच्या शिंका, समोरच्याने एका वाक्यात किती वेळा "म्हणजे" म्हटले, सगळे. रोज सकाळी साडेसातला ते मला खिळ्यावरून काढत, आकडा वाचत आणि नोंदवहीत लिहीत. सव्वीस वर्षांत त्यांची एक सकाळ चुकली नाही की मी त्यांच्या हातून कधी निसटलो नाही. वरच्या कार्यालयाने त्यांना कौतुकाचे पत्र पाठवले होते. काकांनी ते काचेत बसवून माझ्या खिळ्याशेजारी लावले. खरे सांगायचे तर त्या पत्रातले निम्मे कौतुक माझे होते, पण आमच्यात वाटणीवरून कधी भांडण झाले नाही.

काकांची पुतणी लहानपणापासून केंद्रात येई. धक्क्यावर पालथी पडून, एक डोळा मिटून ती माझ्यावरचे आकडे वाचायला शिकली. पाणी गार आहे की कोमट, असे ती हात बुडवून सांगायला गेली की काका म्हणत, "हाताला काय वाटतं ते सोड. आकडा बघ." पुढे ती मोठी झाली, समुद्राचा अभ्यास करून परत आली आणि तिने धक्क्यापलीकडच्या उथळ पाण्यात एक बाग लावली. प्रवाळांची बाग.

मित्रांनो, प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो इवल्याइवल्या प्राण्यांची वसाहत असतो. त्यांच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ बिऱ्हाड करून राहते. ते उन्हातून अन्न तयार करते आणि घरमालकालाही भरवते. प्रवाळाचे रंगही बहुतेक त्याचेच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि तसेच तापलेले राहिले, की प्रवाळ हे शेवाळ अंगाबाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. तेव्हा तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर निवले तर बिऱ्हाड परत येते. नाही निवले तर तो उपासाने मरतो.

वादळात मोडून पडलेले प्रवाळांचे तुकडे पुतणीने वेचून आणले होते आणि पाण्याखालच्या बारा लोखंडी चौकटींवर दोरीने बांधले होते. सात वर्षांत बोटाएवढे तुकडे परातीएवढे झाले. तयार झालेल्या फांद्या ती पुन्हा उघड्या पडलेल्या खडकावर नेऊन लावणार होती. काका तिला कौतुकाने माळीणबाई म्हणत. दोघांचे ठरले होते, की पाणी सलग चार दिवस एकतीस अंशांच्या वर राहिले तर काकांनी लगेच सांगायचे. मग चौकटी सोडवून, होडीने ओढत नेऊन, खोल गार पाण्यात टांगायच्या. दीड दिवसाचे काम होते. त्यासाठी फक्त माझा आकडा वेळेवर कळायला हवा होता.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकांचा पाय ओल्या पायरीवरून सरकला. त्यांनी बादली धरली आणि मी सुटलो. दगडाच्या कडेवर आपटून माझ्या पितळी नळीला चांगलाच पोचा आला. आतली काच शाबूत होती, पारा तुटला नव्हता, मला काहीसुद्धा झाले नव्हते. पण काकांचा चेहरा उतरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. कुणी पाहिले नव्हते. त्यांनी मला पुसले आणि खिळ्यावर टांगताना पोचा भिंतीकडे वळवला. निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

दहा दिवसांनी मी बत्तीस अंश दाखवले. काकांनी चष्मा पुसला. बादली ओतून नवे पाणी ओढले. पुन्हा बत्तीस. त्यांनी गेल्या वर्षीचे पान काढले. त्याच तारखेला साडेतीस होते. सव्वीस वर्षांत बत्तीस हा आकडा नोंदवहीत कधी आलाच नव्हता. काकांनी मला उलटे करून तो पोचा बराच वेळ पाहिला, आणि मला कळून चुकले की आता माझे काही खरे नाही.

त्यांनी हिशेब सरळ केला. बत्तीसमधून साडेतीस गेले, उरले दीड. म्हणजे पडल्यापासून हा दीड अंश जास्त दाखवतो. केंद्रात दुसरा तापमापक नव्हता. नवा मागवायचा तर वर पत्र लिहायचे, पत्रात कारण लिहायचे, आणि कारण म्हणजे आपल्या हातून पडला. ते काकांना जड गेले. त्यांनी माझ्या बत्तीसमधून दीड वजा केले आणि नोंदवहीत सुवाच्य अक्षरात साडेतीस लिहिले.

दुसऱ्या दिवशी बत्तीस पूर्णांक एक. लिहिले तीस पूर्णांक सहा. मग बत्तीस पूर्णांक तीन, लिहिले तीस पूर्णांक आठ. मी रोज जीव तोडून खरे सांगत होतो आणि रोज माझे खरे कापून कागदावर उतरत होते. मला तोंड असते तर मी सगळा धक्का डोक्यावर घेतला असता. बर्फाची एक पिशवी आणली असती तरी सगळा उलगडा झाला असता. पण बर्फ आणायचा म्हणजे कुणीतरी विचारणार, कशाला. शिवाय काकांना शंकाच नव्हती. आपली नोंदवही त्यांना समुद्रापेक्षा ओळखीची होती.

दहाव्या-बाराव्या दिवशी पुतणी पाण्यातून वर आली ती कपाळाला आठ्या घालूनच. म्हणाली, पाणी अंगाला कोमट लागतेय, फांद्यांची टोके फिकी दिसताहेत. काकांनी नोंदवही तिच्याकडे फिरवली. तीस पूर्णांक सात. ऊन तुझ्या डोक्यात गेलंय, असे म्हणून ते हसले. तीही हसली आणि ओले केस पिळत निघून गेली. मित्रांनो, तिची कातडी खरे सांगत होती. पण लहानपणी याच धक्क्यावर ती शिकली होती, की अंगाला काय वाटते ते सोडायचे आणि आकडा बघायचा. ती शिकवण आठवली की मला अजून वाईट वाटते.

तेविसाव्या दिवशी ती पाण्यातून निघून थेट आत आली. तिने काकांच्या टेबलावर एक वाडगा ठेवला. त्यात पाण्यात बुडवलेली एक फांदी होती, नव्या खडूसारखी पांढरी.

"काका, हा तापमापक बरोबर आहे ना?"

काका उठले आणि मासळी बाजारातून डबाभर बर्फ घेऊन आले. पंच्यात गुंडाळून त्यांनी तो दगडाने कुटला, पाणी सुटू दिले आणि मला त्यात उभे केले. पारा उतरू लागला. वीस, दहा, पाच. मित्रांनो, मी आयुष्यभर खरेपणाचा तोरा मिरवला, पण त्या वेळी मी मनापासून मागत होतो की आज माझे चुकावे. पारा दीडवर थांबावा आणि या माणसाची लाज राहावी. तो दीडवर थांबला नाही. शून्यावर आला आणि तिथेच राहिला.

"पडला होता तो. माझ्याच हातून," काका म्हणाले. "मला वाटलं, तोच चुकतोय. मी रोज दीड वजा करत होतो."

"किती दिवस?"

"तेवीस."

पुतणीने वाडग्यावर हात ठेवला. "चार पुरे होते, काका," ती म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. चढवला असता तर काकांना बरे वाटले असते.

त्याच दुपारी दोघांनी चौकटी खोल पाण्यात हलवल्या. काकांची कंबर दुखत होती, तरी होडीत वाकून ते दोऱ्या ओढत राहिले. फार उशीर झाला होता. महिन्याभरात पांढऱ्या फांद्यांवर तपकिरी बुरशीसारखे काहीबाही चढले. बारा चौकटींतली जेमतेम अर्धी चौकट जगली. सात वर्षे गेली, असे पुतणी कधी म्हणाली नाही, पण आम्हाला तिघांनाही आकडे येत होते.

काकांनी वर पत्र लिहिले आणि त्यात पोचाही लिहिला. नोंदवहीतले तेवीस आकडे त्यांनी एकेका रेघेने खोडले, खालचे वाचता येतील असे. शेजारी खरे आकडे लिहून प्रत्येकापाशी सही केली. मग काचेतले कौतुकाचे पत्र स्वतःच उतरवले. मला त्यांचा राग आला होता, पण ते पत्र उतरताना पाहून तो गेला.

आता केंद्रात स्वतःच आकडे पाठवणारे यंत्र बसले आहे. पुतणीने मला मागून घेतले. निवृत्त झालेले काका अजून सकाळी धक्क्यावर येतात आणि मला पाण्यात बुडवतात. मला जपून वापरा, पुसून ठेवा, असे मागणे मी तुमच्यापुढे मांडणार नाही. माझ्यासारखी वस्तू पडते, तिला पोचे येतात, ते चालायचेच. पण तिने सांगितलेले ऐकायला कडू लागले, तर आधी तपासून पाहा. कापून गोड करून घेऊ नका.

पुढच्या उन्हाळ्यात मी पुन्हा एकतीसच्या वर गेलो. काकांनी तो आकडा जसाच्या तसा वाचला आणि त्याच पावली पुतणीला सांगितला. नव्याने बांधलेल्या चौकटी पाचव्या दिवशी खोल पाण्यात होत्या. या वेळी एकही फांदी गेली नाही. परतताना होडी मोठ्या प्रवाळ खडकावरून आली. तो माणसाने लावलेला नाही, किती शतकांचा आहे ते कुणालाच ठाऊक नाही. पाणी नितळ होते. खाली नजर पोचेल तिथपर्यंत सगळे पांढरे झाले होते.

काकांनी वल्हे थांबवले. "आणि याचं काय करायचं?" त्यांनी विचारले.

"हा कुठे उचलून नेणार, काका?" पुतणी म्हणाली.

मी तिच्या मांडीवर पडून होतो. मित्रांनो, समुद्र किती तापला आहे, एवढेच मला सांगता येते. त्याला निववणे माझ्या हातात नाही. ते तुम्हा माणसांच्या हातात आहे, आणि तो खडक अजून पूर्ण मेलेला नाही, फक्त उपाशी आहे.