टोपाखालची किल्ली

हेनिंग ब्रोडरसेनचा जीव एका कोड्यात अडकला होता, आणि ते कोडं त्यानं स्वतःच घातलेलं.

हांबुर्गमध्ये तो आणि त्याचा दोस्त येन्स कॉम्प्युटरवरचे कोड्यांचे खेळ बनवायचे. पडद्यावर एक चित्र. माउसनं इथं दाबा, तिथं दाबा, सापडेल ते खिशात घाला आणि कुठंतरी वापरा. या खेळात दीपगृहाचा म्हातारा रखवालदार खुर्चीत घोरत असतो. त्याची किल्ली हवी, अन् ती टकलावर, केसांच्या टोपाखाली! मग काय करायचं? टोपाला दोऱ्यानं हेरिंग मासा बांधायचा, खिडकी उघडायची. मासे पळवणारा समुद्रपक्षी सीगल येतो, माशासकट टोप घेऊन पसार.

"हे कुणाच्या बापाला सुचणार नाही," येन्स म्हणाला. "काढून टाक."

"अरे, हाच तर खेळाचा जीव आहे!"

शेवटी ठरलं. हेनिंगच्या बायकोनं, वीबकेनं, रविवारी येन्स कॉफीला बसायच्या आत ते सोडवलं तर राहील. नाहीतर गेलं. हेनिंगनं मदत करायची नाही.

शनिवारी दुपारी वीबके बसली, ती रात्री जेवायला उठली. तोवर तिनं रखवालदाराला बूट दिला, चमचा दिला, साबण लावला, शिडीनं ढोसलं. दर वेळी खेळ एकच सांगे, "यानं काही होणार नाही."

"मग कशानं होणार, सांग ना मेल्या!" ती पडद्यावर ओरडली. हेनिंग स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. जीभ नुसती वळवळत होती.

रविवारी सकाळी त्याला राहवलं नाही. वीबके उठायच्या आधी त्यानं आपल्या टोपीला दोरा बांधला, दोऱ्याला खारवलेला हेरिंग, अन् टोपी नाश्त्याच्या टेबलावर पावाशेजारी ठेवून दिली. वर खिडकीही सताड उघडली.

वीबके आली. टोपीकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं. मासा सोडवला, पावात घातला अन् खाल्ला.

"काही सुचलं का?" त्यानं हळूच विचारलं.

"सुचलं. खिडकी लाव, गारठा येतोय."

दुपारी येन्स केक घेऊन दारात, अन् ही अजून माउस आपटतेय. हेनिंगचा चेहरा पार उतरला. येन्सनं कोट काढला, तेवढ्यात आतून किंकाळी आली. मागोमाग असं हसू, की दोघं धावत गेले. पडद्यावर सीगल टोप घेऊन चाललेला, खाली म्हातारा टकलावर हात फिरवतोय, अन् वीबके डोळे पुसतेय.

"जिंकलो!" हेनिंग म्हणाला.

"थांब," येन्स म्हणाला. "वीबके, कसं सुचलं तुला?"

हेनिंगनं तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की दगडालाही दया यावी.

"सुचतंय कुठलं! खिशातली प्रत्येक वस्तू प्रत्येकाला घासून बघितली. कालपासून तेच करतेय. यानं तर सकाळी टोपीला मासा बांधून ठेवला होता. मला वाटलं, डोकं फिरलं याचं."

येन्स हेनिंगकडं वळला. "मासा बांधलास?"

"नाश्ता होता तो," हेनिंग पुटपुटला.

"लबाड! गेलं तुझं कोडं."

"जातंय कसं?" वीबके उसळली. "एवढी मी लग्नात हसले नव्हते. टोप राहणार. पण ती खिडकीची कडी! चित्रात मुंगीएवढी काढलीय. अर्धा दिवस भिंत चाचपत होते मी. आणि सीगल चोर आहे हे आधी कुणीतरी सांगायला नको? त्याला आधी कुणाचं तरी सँडविच पळवू दे."

"मग शोधण्यात मजा काय राहिली?"

"तुला मजा. माझी मान धरली."

येन्सनं केक कापला. "कडी मोठी, सँडविच आत. नाहीतर टोप बाहेर. बोल."

हेनिंगनं सुस्कारा टाकला, कॉम्प्युटरपुढं खुर्ची ओढली अन् कडी एका ठिपक्यानं वाढवली.

"दिसतेय?"

"नाही," दोघं तोंडात केक घेऊन म्हणाले.